नॉर्थ स्क्वेअरचं बेथेल: बॉस्टनच्या एका खलाशी चर्चचं प्रकरण

बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात नॉर्थ स्क्वेअर नावाचा एक लहानसा दगडी फरसबंदीचा चौक आहे. नावात स्क्वेअर असला तरी आकार त्रिकोणी. एका बाजूला साधारण १६८० सालचं, काळपट लाकडी, अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हिअरचं घर. शहराचा इतिहास पाहायला आलेला प्रत्येक जण त्या घराकडे तोंड करून उभा राहतो. त्याच्या पाठीमागे विटांची एक भारदस्त इमारत आहे, तिच्यावर सेक्रेड हार्ट हे नाव. ही इटालियन कॅथलिकांची जागा. आत गेलं की मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची खूण एकही दिसत नाही. पण ही इमारत १८३३ मध्ये उभी राहिली ती बेथेल, म्हणजे खलाशांचं उपासनागृह, म्हणून, एका मेथडिस्ट पाळकासाठी, आणि बऱ्याच अंशी युनिटेरियन व्यापाऱ्यांच्या पैशांवर. चौकातच मरिनर्स हाउस नावाची जुनी विटांची इमारत आहे. तीही याच गोष्टीचा भाग आहे आणि पुढे तिचाच हिशेब जास्त महत्त्वाचा ठरतो.

बंदरातल्या चर्चचा इतिहास सहसा पाळकांच्या यादीतून सांगितला जातो. इथे ती पद्धत चालत नाही, कारण ४० वर्षं पाळक एकच होता. म्हणून प्रश्न वेगळे विचारावे लागतात: जागा कुणाच्या नावावर होती, खर्च कोण भागवत होतं, बाकांवर कोण बसत होतं, आणि बसणारी माणसं वर्षातले किती दिवस गावात असायची.

रिकामी झालेली जुनी इमारत

बॉस्टनमध्ये मेथडिझम उशिरा आला. १७९० मध्ये जेसी ली यांनी कॉमन मैदानातल्या झाडाखाली उभं राहून प्रवचन केलं, तेव्हा त्यांना गावात कुणी हॉल द्यायला तयार नव्हतं. १७९५ मध्ये नॉर्थ एंडच्या एका बोळात पहिल्या मेथडिस्ट चर्चचा पाया घातला गेला. पुढच्या वर्षी उपासना सुरू झाली. त्या बोळाला लोक मेथडिस्ट ॲलीच म्हणू लागले. ३० वर्षांत मंडळी वाढली, इमारत अपुरी पडली, आणि १८२८ मध्ये ती मंडळी नॉर्थ बेनेट स्ट्रीटवर मोठ्या जागेत गेली. मागे उरली एक लाकडी, वापरात मुरलेली, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावरची वास्तू.

गावातल्या काही मेथडिस्टांनी ती खलाशांसाठी घ्यायचं ठरवलं. त्यासाठी पोर्ट सोसायटी स्थापन झाली. पूर्ण नाव पोर्ट सोसायटी ऑफ द सिटी ऑफ बॉस्टन अँड इट्स व्हिसिनिटी. इथेच पहिला महत्त्वाचा फाटा फुटतो. नेहमीच्या मेथडिस्ट चर्चची मालमत्ता त्या मंडळीचे विश्वस्त धरतात आणि पाळक कॉन्फरन्स, म्हणजे त्या प्रांतातल्या मेथडिस्ट पाळकांची सभा, पाठवते. या ठिकाणी मालमत्ता धरणारी होती एक धर्मादाय संस्था, आणि तिचा सभासद होण्यासाठी मेथडिस्ट असण्याची गरज नव्हती. सुरुवातीला सगळे मेथडिस्टच होते, म्हणून हा फरक कुणाला जाणवला नाही.

पाळक म्हणून एडवर्ड थॉम्पसन टेलर यांना बोलावलं. जन्म १७९३, रिचमंड, व्हर्जिनिया. अनाथ पोर, सातव्या वर्षी जहाजावर पोऱ्या म्हणून गेलं. १८११ च्या सुमारास बॉस्टनच्या ब्रॉमफील्ड लेनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये त्यांचं मन पालटलं. १८१२ च्या युद्धात ब्लॅक हॉक या खासगी लढाऊ जहाजावर असताना ब्रिटिशांच्या हाती सापडले, कैदेत पडले, आणि कैदी सोबत्यांनीच त्यांना प्रवचनाला उभं केलं. त्या वेळी त्यांना वाचता येत नव्हतं. सुटून आल्यावर फेरीवाल्याचं काम करता करता अक्षरं शिकले. १८१९ मध्ये न्यू इंग्लंड कॉन्फरन्समध्ये पाळक झाले आणि त्याच वर्षी मार्बलहेडच्या डेबोरा मिलेट यांच्याशी लग्न केलं. पुढची दहा वर्षं किनाऱ्यावरच्या गावांतून फिरती सेवा केली. लोक त्यांना फादर टेलर म्हणत. ‘फादर’ हा शब्द इथे कॅथलिक अर्थाने घेऊ नये. खलाशांनी वडीलकीच्या नात्याने दिलेलं ते नाव होतं. इमारत नंतर खरोखरच कॅथलिक झाल्यामुळे हा घोटाळा वरचेवर होतो.

दोन वर्षांचा नियम आणि ४० वर्षांचा पाळक

मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये १८०४ पासून नियम होता की पाळक एका ठिकाणी दोन वर्षांपेक्षा जास्त राहणार नाही. १८६४ मध्ये ही मुदत तीन वर्षं झाली. नियमामागचं शहाणपण साधं आहे: मंडळीने माणसाला चिकटू नये. पाळक बदलत राहतो, म्हणून क्लास लीडर, कारभारी, विश्वस्त ही स्थानिक माणसं तयार होतात आणि चर्च त्यांच्या खांद्यावर उभं राहतं.

टेलर १८२९ पासून १८६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत तिथेच राहिले. कॉन्फरन्स दरवर्षी त्यांचं नाव खलाशांच्या सेवेसाठी नव्याने वाचून दाखवायची. कागदावर नेमणूक वर्षाची, प्रत्यक्षात जन्माची. खलाशांच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबरच होतं. दीड वर्षाने परतणाऱ्या माणसाला धक्क्यावर तोच चेहरा दिसायला हवा, नाहीतर प्रत्येक फेरीला तो नव्या अनोळखी माणसासमोर उभा राहील. संस्थेच्या बाजूने मात्र याची किंमत मोठी होती. ती ४० वर्षांनी चुकवावी लागली.

मेथडिस्ट बांधणीचा दुसरा खांब म्हणजे क्लास मीटिंग: साधारण बारा माणसांचा गट, एक लीडर, आठवड्यातून एकदा भेट, प्रत्येकाने आपल्या मनाची अवस्था सांगायची आणि जमेल तशी नाणी टाकायची. पूर्ण सभासद होण्याआधी सहा महिने उमेदवारी करावी लागे. हे गणित गावात राहणाऱ्या सुताराला, शिंपिणीला जमतं. किनारपट्टीच्या जहाजावरचा माणूस दोन-चार आठवड्यांनी तरी दिसतो; कलकत्ता किंवा कँटनला गेलेला वर्ष-वर्ष दिसत नाही; देवमाशाच्या शिकारीला गेलेला तीन वर्षांनी उगवतो. सहा महिन्यांची उमेदवारी तो कुणासमोर पुरी करणार? म्हणजे बेथेलमध्ये माणसं भरपूर, सभासद थोडे. इतिहास लिहिणारा माणूस नुसते सभासदांचे आकडे पाहून या चर्चला लहान ठरवतो, आणि तिथेच चुकतो.

पैसा कुणाचा, वेदी कुणाची

मेथडिस्ट ॲलीची जागा लवकरच पुरेनाशी झाली. मेथडिस्टांकडे पैसा नव्हता. पैसा होता जहाजमालक आणि व्यापाऱ्यांकडे, आणि बॉस्टनचे ते लोक बहुतांशी युनिटेरियन होते: ख्रिस्ताचं देवत्व आणि त्रैक्य न मानणारे. एरवी मेथडिस्ट पाळक अशा लोकांशी व्यासपीठही वाटून घेत नसे. टेलर त्यांच्याकडे सरळ गेले आणि त्यांनीही हात सैल सोडला.

त्यामागे धर्मभावना होती, तसाच व्यवहारही होता. शुद्धीवर असलेला, वेळेवर जहाजावर हजर होणारा खलाशी मालकाला हवाच असतो. पण एवढ्यावर थांबणं त्या माणसांवर अन्याय होईल. त्यांतले कित्येक टेलरांचं प्रवचन ऐकायला स्वतः येऊन बाजूच्या बाकांवर बसत. राल्फ वाल्डो इमर्सन १८२९ ते १८३२ या काळात नॉर्थ एंडमध्येच सेकंड चर्चचे युनिटेरियन पाळक होते. त्यांनी टेलरांना खलाशांचा आणि गरिबांचा शेक्सपिअर म्हटलं आहे. टेलरांनी प्रभुभोजनाच्या वेळी पंथ विचारला नाही आणि युनिटेरियन मित्रांना कधी नाकारलं नाही. काही मेथडिस्ट पाळकांना हे खटकत राहिलं.

नवी इमारत १८३३ मध्ये उपासनेसाठी खुली झाली. बेथेल हा शब्द मराठी बायबल वाचणाऱ्यांना उत्पत्तीच्या २८व्या अध्यायामुळे ओळखीचा आहे: घर सोडून निघालेला याकोब धोंडा उशाला घेऊन उघड्यावर झोपतो, स्वप्नात शिडी पाहतो आणि त्या जागेला देवाचं घर म्हणतो. घरापासून लांब उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी यापेक्षा नेमकं नाव मिळणं कठीण. खलाशी उपासनेसाठी हे नाव रूढ झालं ते १८१७ नंतर. लंडनला टेम्स नदीवर कोळशाच्या जहाजांवर प्रार्थनासभा भरत, आणि आज या जहाजावर उपासना आहे हे कळावं म्हणून निळा झेंडा चढवत. त्याच परंपरेतला निळा झेंडा बॉस्टनच्या छपरावर फडकत असे. धक्क्यावरून येणाऱ्या, वाचता न येणाऱ्या माणसाला पत्ता सांगायची ही सोपी युक्ती होती.

त्याच १८३३ सालच्या मे महिन्यात बॉस्टनहून टस्कनी नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. सप्टेंबरात पोचलं तेव्हा त्यातला १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढच्या वर्षी हाच बर्फ मुंबईलाही येऊ लागला. ज्या बर्फाने मुंबईकरांचे पेले गार झाले, त्याच्याबरोबर चार-चार महिने येणारे खलाशी या बेथेलच्याच बंदरातले होते.

खलाशाचा पगार कुठे जायचा

बेथेलने कशाशी झुंज घेतली हे कळायला खलाशाच्या पगाराचा हिशेब नीट पाहावा लागतो. १८३० च्या दशकात तरबेज खलाशाला महिन्याला साधारण १२ डॉलर मिळत. समजा, कलकत्त्याच्या फेरीला दहा महिने लागले. म्हणजे १२० डॉलर. पण निघण्यापूर्वीच दोन महिन्यांची आगाऊ रक्कम, २४ डॉलर, उचललेली असते. प्रवासात फाटलेला कोट, बूट, तंबाखू हे कप्तानाच्या पेटीतून, कप्तानाच्या भावाने घ्यावं लागतं. तेही वजा. हातात पडले ७०-८० डॉलर.

जहाज धक्क्याला लागायच्या आतच दलालाचा माणूस शिडीवर चढलेला असे. त्याच्याकडे बाटली, गोड बोलणं आणि सामान उचलायला गाडी. खलाशी आणि त्याची लाकडी पेटी दोन्ही ॲन स्ट्रीटवरच्या एखाद्या खानावळीत पोचत. ॲन स्ट्रीट म्हणजे नॉर्थ स्क्वेअरच्या उताराखालचा रस्ता. लोक त्या भागाला ‘ब्लॅक सी’ म्हणत. खोली, जेवण, दारू सगळं खात्यावर. हिशेब मालकाच्या वहीत. पैसे संपले की पेटी ओलीस. मग मालकच त्याला नवं जहाज शोधून देई आणि त्याची पुढची आगाऊ रक्कम स्वतःच्या नावावर लिहून घेई. ती चिठ्ठी वटायची जहाज सुटल्यावर, माणूस खरोखर जहाजावर आहे याची खात्री झाल्यावर. म्हणून मालकाची सगळी धडपड त्याला कसंही करून, शुद्धीत असो वा नसो, जहाजावर चढवण्याची. पहिले दोन महिने खलाशी कष्ट करायचा ते आधीच उडालेल्या पैशांसाठी. त्याला ते ‘मेलेला घोडा’ म्हणत: ओढायचा, पण फळ काही नाही.

या चक्रात प्रवचन नेमकं कुठे बसतं? रविवारी सकाळी माणूस रडला, शपथ घेतली, तरी दुपारी त्याला जेवायला त्याच खानावळीत जावं लागतं, कारण पेटी तिथे आहे. बेथेलच्या माणसांना, विशेषतः बायकांना, हे फार लवकर समजलं.

शिलाईचं दुकान आणि खाट

१८३३ च्या जानेवारीत सीमन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिच्या पहिल्या अध्यक्ष सारा जोसेफा हेल, पाच मुलांना एकटीने वाढवणारी विधवा आणि बायकांच्या मासिकाच्या संपादिका. डेबोरा टेलर यांचा या कामात मोठा वाटा होता. खलाशांच्या बायका आणि विधवा यांना दान वाटायचं, असा मूळ विचार. हेल यांनी तो बदलला. त्यांना दिसलं की या बायका आधीच दिवसरात्र शिवत आहेत, पण तयार खलाशी कपड्यांचे दुकानदार त्यांना नगामागे काही सेंटच देतात. तोच सदरा आणि तीच विजार दुकानदार त्यांच्याच नवऱ्यांना चढ्या भावाने विकतात. एकाच घराला दोन्ही टोकांनी लुटणारा हा धंदा.

म्हणून सोसायटीने स्वतःचं कपड्याचं दुकान काढलं. कापड ठोक भावात घ्यायचं, बायकांना शिवायला द्यायचं, मजुरी बाजारापेक्षा जास्त, आणि माल खलाशाला टिकाऊ व वाजवी दरात. यात अडचण उघड आहे: मजुरी वाढवली आणि भाव रोखून धरला की मधली फट देणग्यांनी भरावी लागते. तरीही हे काम मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं, कारण त्याने थेट त्या वहीवर घाव घातला.

पुढचं पाऊल खाटेचं. १८३७ पासून सोसायटीने दारू न देणारी खलाशी खानावळ चालवली आणि १८४७ मध्ये नॉर्थ स्क्वेअरमध्येच मरिनर्स हाउस उभं राहिलं. खलाशाला काय हवं, ते इथे ओळखलं गेलं: पेटी सुरक्षित राहील अशी जागा, स्वच्छ बिछाना, वेळेवर जेवण, दिव्याच्या उजेडात वाचायला बसता येईल अशी खोली, आणि वहीत खोटी बाकी न लिहिणारा व्यवस्थापक. भाडं घेतलं जाई. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे: फुकट नव्हतं. महिन्याला १२ डॉलर कमावणाऱ्या माणसाला दया नको होती, सरळ हिशेब हवा होता.

आपल्याकडे मुंबईत गोव्याच्या तारवट्यांनी, म्हणजे खलाशांनी, हेच उत्तर स्वतःच शोधलं. धोबी तलाव, डोंगरी, माझगाव भागातली कूडं म्हणजे एकेका गावाची खोली. भिंतीकडेने ओळीने ट्रंका, एका टोकाला अल्तार, संध्याकाळी रोझरी, माफक वर्गणी. खलाशी भरती जिथे दलालांच्या हाती असते, तिथे ट्रंक ठेवायला आपल्या माणसाची जागा हाच पहिला बचाव असतो. बॉस्टनमध्ये ते काम बाहेरच्या देणगीदारांनी उभं केलं, मुंबईत गावकऱ्यांनी.

रविवारची उपासना

मधले बाक खलाशांचे. गावातली प्रतिष्ठित मंडळी, पाहुणे, व्याख्यानप्रेमी विद्यार्थी बाजूला आणि वर सज्जात. एखादं जहाज नुकतं लागलं असेल आणि माणसं दारात उभी असतील तर टेलर प्रवचन थांबवून त्यांना पुढे बोलवत, वेदीच्या कठड्यात आणि व्यासपीठाच्या पायऱ्यांवर बसवत. कोट-टोपीवाल्यांना उठायला सांगायलाही कमी करत नसत.

१८४२ च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स बॉस्टनला आले असताना या उपासनेला बसले होते. त्यांनी केलेली नोंद ही आपल्याकडची सर्वांत जवळून पाहिलेली साक्ष आहे. अरुंद, जुना, पाण्याजवळचा रस्ता. छपरावर निळा झेंडा. खांबांवर उभारलेलं व्यासपीठ आणि मागे भिंतीवर रंगवलेला, जरा नाटकी वाटणारा पडदा. समोरच्या सज्जात स्त्री-पुरुषांचं छोटं गायकवृंद, साथीला चेलो आणि व्हायोलिन. गीतरत्नातल्या आठव्या अध्यायातलं वचन घेतलं होतं: आपल्या वल्लभाला टेकून रानातून वर येणारी ही कोण? टेलर बायबल डाव्या काखेत घट्ट धरून व्यासपीठावर येरझाऱ्या घालत होते. कोण ही माणसं, कुठून आली, असं विचारत त्यांनी हात खाली दाखवला: खालून, पापाच्या फळकुटांखालून, सैतानाने वरून ठोकून बंद केलेल्या जहाजाच्या पोटातून. आणि चालली कुठे? मग हात वर: वर, शिडांच्या टोकाकडे. प्रत्येक प्रतिमा डेकवरची होती. वादळात फळ्या ठोकून बंद केलेल्या तळात ज्याने रात्र काढली आहे, त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१८३४ मध्ये बॉस्टनहून कॅलिफोर्नियाला खलाशी म्हणून गेलेल्या रिचर्ड हेन्री डाना यांनी लिहून ठेवलं आहे की तिकडच्या किनाऱ्यावर भेटलेले खलाशी बॉस्टनचं नाव काढताच फादर टेलरांबद्दल विचारत. बेथेलची मंडळी मोजायची तर ती अशी, किनाऱ्या-किनाऱ्यावर पसरलेली मोजावी लागते.

कुठे बिनसलं

डिकन्स ज्या जहाजातून आले ते क्युनार्ड कंपनीचं ब्रिटानिया, वाफेवर चालणारं. ते नॉर्थ एंडला लागलं नाही. खाडीपलीकडे ईस्ट बॉस्टनच्या धक्क्याला लागलं. १८४० पासून क्युनार्डचा तळ तिथे होता. बेथेल ऐन बहरात असताना त्याच्या अंताचं कारण त्याच्या नजरेसमोर ये-जा करत होतं. वाफेच्या जहाजाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. माणसं महिनोन्‌महिने धक्क्यावर रेंगाळत नाहीत. कोळसा ओढणाऱ्यांची आणि यंत्र सांभाळणाऱ्यांची भरती वेगळी होते. शिडाच्या जहाजावरचा, डेकच्या भाषेत विचार करणारा, इंग्रजी बोलणारा न्यू इंग्लंडचा पोर हळूहळू कमी होत गेला.

वस्तीही बदलली. १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर आयरिश कुटुंबांनी नॉर्थ एंड भरून गेला. (टेलर स्वतः १८४७ मध्ये आयर्लंडला धान्य घेऊन जाणाऱ्या मॅसिडोनियन जहाजावर धर्मगुरू म्हणून गेले होते.) हॅनोवर स्ट्रीटवरचं न्यू नॉर्थ चर्च १८६२ मध्ये कॅथलिकांकडे गेलं. १८६८ नंतर भराव टाकून अटलांटिक ॲव्हेन्यू काढला गेला आणि जुन्या धक्क्यांची टोकं कापली गेली. चौक आणि जहाजं यांच्यामध्ये रुंद रस्ता आणि मालगाड्या आल्या.

यातली कुठलीही एक गोष्ट चर्च बुडवायला पुरेशी नव्हती. बंदरातली कितीतरी चर्चं वस्ती बदलली तरी टिकली, कारण त्यांच्याकडे गावात राहणारी सभासद मंडळी, तिचे विश्वस्त, तिची मुलंबाळं होती. बेथेलकडे ते नव्हतं. टेलरांच्या कारकिर्दीत दुसरा पाळक घडला नाही. क्लास लीडरांची साखळी खलाशांमधून होऊ शकली नाही. मालमत्ता पोर्ट सोसायटीची होती, तिच्या देणगीदारांना खलाशांची काळजी होती. मेथडिस्ट मंडळी टिकवणं हे त्यांचं काम नव्हतं. डेबोरा टेलर १८६९ मध्ये गेल्या. टेलर १८७१ च्या एप्रिलमध्ये गेले, ओहोटीच्या वेळी. खलाशांना ते योग्यच वाटलं.

त्याआधीच, १८६७ मध्ये, पोर्ट सोसायटी आणि बायकांची सीमन्स एड सोसायटी एकत्र होऊन बॉस्टन पोर्ट अँड सीमन्स एड सोसायटी झाली होती. विलीनीकरणानंतर व्यासपीठ आणि खाट एकाच खतावणीत आले. खाटेला भाडं येत होतं आणि ज्याला ती हवी तो खलाशी अजून बंदरात येतच होता. व्यासपीठासाठी माणूस मिळत नव्हता आणि बाक रिकामे पडत होते. अशा वेळी कुठलाही कारभारी काय विकेल हे सांगायला नको.

इमारतीचं पुढे

१८८४ मध्ये बेथेलची इमारत सान मार्को सोसायटी या इटालियन संस्थेने विकत घेतली. नॉर्थ एंडमध्ये त्याआधी इटालियनांचं सेंट लिओनार्ड चर्च होतं, पण त्यातल्या एका गटाला स्वतःची जागा हवी होती. गंमत म्हणजे इथेही मालकी एका लोकसंस्थेची आणि पाळक देणं दुसऱ्याच्या हाती, अशीच गाठ पडली. आर्चबिशपांनी या चर्चला लगेच मान्यता दिली नाही. पिआचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी यांनी १८८७ मध्ये स्थलांतरितांसाठी स्थापन केलेल्या संघाचे धर्मगुरू १८८८ मध्ये आले आणि सेक्रेड हार्टची गाडी रुळावर लागली. मेथडिस्टांच्या वेळी जे जमलं नव्हतं ते इथे जमलं, कारण बाकांवर बसणारी कुटुंबं आसपासच्या गल्ल्यांतच राहत होती.

त्याच १८८४ साली अमेरिकेत डिंग्ली कायदा झाला आणि खलाशाच्या आगाऊ पगारावर बंदी आली. दोनच वर्षांत दुरुस्ती करून ‘मूळ धनको’ला पैसे लिहून द्यायची वाट पुन्हा उघडली गेली. खानावळवाला लगेच मूळ धनको झाला. मरिनर्स हाउसचं काम संपलं नव्हतं.

मुंबईचा धागा

एडवर्ड टेलर गेल्यावर सातच महिन्यांनी, १८७१ च्या नोव्हेंबरात, दुसरे एक मेथडिस्ट टेलर मुंबईत कामाला आले: विल्यम टेलर. दोघांचं नातं काही नव्हतं, पण नावसाधर्म्यामुळे गल्लत होते. विल्यम टेलर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात १८५० च्या दशकात खलाशांसाठी बेथेल काढलं होतं. आग आणि मंदी यांत ते कर्जात बुडालं आणि ते कर्ज फेडण्यासाठी पुस्तकं विकत, प्रवचनं करत त्यांनी जग पालथं घातलं. मुंबईत १८७२ च्या सुरुवातीला मेथडिस्ट मंडळी उभी करताना त्यांचा आग्रह होता की पाळकाचा खर्च मंडळीनेच उचलायचा, परदेशी सोसायटीच्या पैशावर अवलंबून राहायचं नाही. बुडालेल्या बेथेलचा धडा त्यात दिसतो. जॉर्ज बोवेन हे १८४८ पासून मुंबईत राहणारे, मिशनचा पगार नाकारून साधेपणाने जगणारे अमेरिकन मिशनरी त्यांना येऊन मिळाले. बोवेन १८८८ मध्ये मुंबईतच वारले. अपोलो बंदराजवळचं बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्यांच्या नावाचं आहे.

कागदपत्रं वाचताना

नॉर्थ स्क्वेअरच्या बेथेलवर काम करणाऱ्याने नावांपासून सावध राहावं. त्या काळात बॉस्टनमध्येच खलाशांची उपासनागृहं एकाहून जास्त होती: पोर्ट सोसायटीचं मेथडिस्ट, सीमन्स फ्रेंड सोसायटीचं काँग्रिगेशनल, शिवाय बॅप्टिस्टांचंही एक. ‘बॉस्टनचं बेथेल’ एवढंच लिहिलेलं असेल तर रस्त्याचं नाव मिळेपर्यंत काही ठरवू नये. रस्त्यांची नावंही बदलली आहेत. १८५० च्या दशकात ॲन स्ट्रीटचं नॉर्थ स्ट्रीट झालं.

दुसरी गल्लत न्यू बेडफर्ड या मॅसॅच्युसेट्समधल्याच दुसऱ्या बंदराशी होते. तिथलं सीमन्स बेथेल १८३२ चं आणि त्याचे पहिले पाळक इनॉक मज हेही मेथडिस्टच. हर्मन मेलविलच्या ‘मोबी डिक’ या कादंबरीतला खलाशी पाळक टेलरांवरून घेतला आहे असं मानतात, पण त्याचं चर्च न्यू बेडफर्डचं. आज तिथे दिसणारं जहाजाच्या नाळेच्या आकाराचं व्यासपीठ १९६१ मध्ये, त्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून येणाऱ्या पर्यटकांसाठी बसवलं. बॉस्टनला टेलर असल्या व्यासपीठावरून कधी बोलले नाहीत. डिकन्सनी लिहिलंय त्याप्रमाणे ते खांबांवर होतं.

मालकीसाठी खरेदीखतं पाहावीत, आणि खरेदीदाराच्या जागी मंडळीचे विश्वस्त आहेत की सोसायटी हे आधी तपासावं. नेमणुकांसाठी न्यू इंग्लंड कॉन्फरन्सची वार्षिक कार्यवृत्तं आहेत. त्या भागातल्या मेथडिस्ट दप्तराचा मोठा संग्रह बॉस्टन विद्यापीठाच्या धर्मशास्त्र ग्रंथालयात आहे. सभासदसंख्येच्या रकान्यावर विसंबू नये, त्याचं कारण वर आलंच आहे. लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी जास्त बोलतात, कारण समुद्रावर जाण्याआधीच्या आठवड्यात माणूस सहा महिन्यांची उमेदवारी करू शकत नाही, पण लग्न करू शकतो. आणि बायकांच्या सोसायटीचे वार्षिक अहवाल शेवटासाठी ठेवू नयेत. शिलाईची मजुरी, कापडाची खरेदी आणि खोल्यांचं भाडं त्यांतच सापडतं.